केनेडीची पाठ: ताठ दिसणाऱ्या माणसाची केस

१९५५ च्या नोव्हेंबरमधे अमेरिकेतल्या सर्जरीच्या एका जर्नलमधे एक पेपर छापून आला. विषय रुक्षच होता, अ‍ॅड्रिनल ग्रंथी नीट काम करत नसलेल्या माणसाचं मोठं ऑपरेशन करायचं तर काय काय सांभाळायचं. त्यातली तिसरी केस ३७ वर्षांच्या एका पुरुषाची, नाव अर्थातच दिलेलं नाही, पण वय, ऑपरेशनची वेळ, आजार असं सगळं जुळवून पुढे लोकांनी शोधून काढलंच की अरे हा तर जॉन एफ. केनेडी! म्हणजे तरुण, तडफदार वगैरे म्हणून जगभर गाजलेल्या या माणसाची पाठ तो अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधीच मेडिकल जर्नलमधे जाऊन बसली होती आणि मतदारांना त्याचा पत्ताही नव्हता.

पोश्चरचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी नेहमी "ताठ बस, पोक काढू नकोस" इथे येऊन थांबते. केनेडीचे फोटो काढून बघा, कुठेही पोक नाही, खांदे मागे, मान सरळ, २६ सप्टेंबर १९६० च्या त्या टीव्ही डिबेटमधे निवडणुकीतला प्रतिस्पर्धी निक्सन शेजारी मरगळलेला दिसतो आणि हा एकदम फ्रेश. आणि तरीही त्या काळातल्या नेत्यांमधली सगळ्यात खराब पाठ बहुतेक याचीच असेल. म्हणून मला ही केस महत्त्वाची वाटते. बाहेरून ताठ दिसणं आणि पाठीत ताकद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या गोष्टीसाठी केलेले उपाय दुसरीच्या आड कसे येऊ शकतात ते इथे तारीखवार बघायला मिळतं.

आधीची हिस्टरी

जन्म २९ मे १९१७. लहानपणापासून आजारीच, पोटाच्या तक्रारी, वजन वाढत नाही, सारखं हॉस्पिटल. हार्वर्डला फुटबॉल खेळताना पाठ दुखावली असं सांगतात. १९४१ मधे सैन्यात जायला निघाला तर मेडिकलमधे नापास, पाठीमुळेच. मग वडिलांच्या ओळखी कामाला आल्या आणि नेव्हीत शिरला (हे अमेरिकेतही चालतं म्हणायचं), आणि तिथे त्याने काय निवडलं तर पीटी बोट! टॉर्पेडो सोडणारी, लाकडी, छोटी, भरधाव जाणारी बोट, लाटांवर आपटत आपटत. दुखरी पाठ असलेल्या माणसाने जे करू नये त्याची यादी काढली तर ही नोकरी वरती येईल.

१ आणि २ ऑगस्ट १९४३ च्या मधल्या रात्री सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिका अमागिरी त्याच्या पीटी-१०९ वर येऊन आदळली आणि बोटीचे दोन तुकडे झाले. १३ जणांमधले दोघे गेले. भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडी काही तास पोहत बेटापर्यंत गेला. हे शौर्य वगैरे खरंच आहे, पण पाठीच्या हिशोबात बघितलं तर मान ताणलेली, कंबर आत गेलेली आणि मागे एका माणसाचं ओझं, तेही आधीच दुखऱ्या पाठीवर.

जून १९४४ मधे पहिलं ऑपरेशन झालं. डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) सरकली असणार असं धरून डॉक्टरांनी पाठ उघडली, पण जशी ठळक बाहेर आलेली डिस्क त्यांना अपेक्षित होती तशी काही मिळाली नाही. ऑपरेशननंतर दुखणं थांबायचं सोडून स्नायू आखडायला लागले.

इथे थोडं थांबतो, कारण हे आजही रोज घडतं. आपल्याकडे एमआरआय झाला की घरी येऊन माणूस सांगतो, "मणक्यात गॅप आहे, एल-४ एल-५ ला." आणि त्या दिवसापासून तो पेशंट होतो, बादली उचलायची नाही, खाली बसायचं नाही. २०१५ मधे ३३ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात ३,११० माणसं होती ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती. त्यांच्यातल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या दिसत होत्या आणि ऐंशीच्या आसपास तर ९६ टक्के. दुखत काहीच नाही, पण फोटोत गॅप आहे! त्यामुळे फोटोत काही दिसलं म्हणून तेच दुखण्याचं कारण असं होत नाही. आणि केनेडीच्या वेळी तर एमआरआय नव्हताच, अंदाजावरच काम.

१९४७ मधे लंडनमधे त्याला अ‍ॅडिसन्स डिसीज असल्याचं निदान झालं. म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे हार्मोन पुरेसं बनवत नाहीत, मग बाहेरून स्टिरॉइड द्यावं लागतं, तेही आयुष्यभर. स्टिरॉइड वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याच्या मणक्यांचंही तेच झालं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणून या केसमधे "पोश्चर वाईट होतं म्हणून पाठ गेली" असं एका वाक्यात कुणी सांगितलं तर ऐकू नका. मार बसलेला, हाडं औषधाने कमकुवत झालेली, एक ऑपरेशन फसलेलं, आणि हे सगळं लपवायचं म्हणून हालचालीवर मर्यादा, असं सगळं एकात एक गुंतलेलं आहे.

१९५४ पर्यंत सिनेटर केनेडी कुबड्यांवर आला. अ‍ॅडिसन्समुळे ऑपरेशन जिवावर बेतेल असं डॉक्टर बजावत होते, तरी त्याने ऐकलं नाही. २१ ऑक्टोबर १९५४ ला न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधे प्लेट टाकून कमरेच्या मणक्यांचं फ्युजन केलं, म्हणजे मणके एकमेकांना जोडले. नंतर इन्फेक्शन झालं, माणूस कोमात गेला, धर्मगुरूंना बोलावून शेवटचे विधीही झाले. वाचला. पण फेब्रुवारी १९५५ मधे ती प्लेट परत काढावी लागली आणि जखम कितीतरी महिने भरलीच नाही. १९५७ मधे पुन्हा त्याच जागी गळू झालं, पुन्हा चिरफाड. एकूण चार वेळा पाठ उघडली. त्या काळच्या सर्जननी जे शक्य होतं ते केलं, पण हाती फार काही लागलं नाही.

बूट आणि खुर्ची

मे १९५५ मधे तो डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेला. या बाई मला आवडतात. त्यांनी त्याला फक्त पाठ म्हणून बघितलं नाही, पूर्ण उभा करून बघितलं. डाव्या आणि उजव्या बाजूत फरक आहे, डावा पाय थोडा आखूड आहे, म्हणजे प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला कलते आणि तिथले स्नायू दिवसभर ते सांभाळत बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग डाव्या बुटात टाचेखाली उंची वाढवून दिली. पाठदुखीचं कारण बुटात शोधायचं हे कुणालाही सुचण्यासारखं नाही, आणि आजही ओपीडीत किती जण पेशंटला बूट काढून चालायला लावतात हा प्रश्नच आहे.

दुसरी गोष्ट खुर्ची. बाईंचा बसण्याच्या खुर्च्यांचा खास अभ्यास होता. त्यांनी केनेडीला झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं, नॉर्थ कॅरोलिनात बनलेली साधी लाकडी, वेताची विणलेली. ती इतकी प्रसिद्ध झाली की ओव्हल ऑफिसचे निम्मे फोटो त्या खुर्चीतलेच आहेत. लोकांना वाटलं काय निवांत माणूस आहे. पण त्या खुर्चीचा फायदा असा की बसलेला माणूस सतत थोडा थोडा हलत राहतो, कधी वजन मागे जातं, कधी पुढे, पायाचे स्नायू काम करत राहतात, एकाच जागेवर ताण साचत नाही. आपण हजारो रुपये देऊन "अर्गोनॉमिक" खुर्ची आणतो आणि मग त्यात चार तास पुतळ्यासारखे बसतो, त्यापेक्षा आजोबांची डुलणारी आरामखुर्ची परवडली.

आणि तिसरी गोष्ट इंजेक्शन. स्नायूत जिथे गाठ आल्यासारखं दुखतं तिथे प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचायचं. त्यात ट्रॅव्हेल बाईंचा हातखंडा होता, पुढे १९८३ मधे ट्रिगर पॉइंटवरचं त्यांचं मोठं काम छापूनही आलं. टोचलं की दुखणं लगेच थांबायचं. घोळ इथेच झाला. दुखणं थांबलं की काम सुरू, काम झालं की दुखणं सुरू, परत इंजेक्शन, आणि व्हाइट हाउसमधे आल्यावर तर हे दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा व्हायला लागलं. बाई व्हाइट हाउसच्या अध्यक्षांची डॉक्टर झालेली पहिली स्त्री, मान मोठा होता, पण पाठ होती तिथेच होती.

ओटावाचं फावडं

मे १९६१. अध्यक्ष होऊन चार महिने झालेले, कॅनडाचा दौरा, ओटावाच्या रिडो हॉलच्या बागेत झाड लावायचा कार्यक्रम. आपल्याकडे मंत्री जसे चिमूटभर माती टाकून फोटो काढतात तसं केलं असतं तर काही झालं नसतं. पण याने कमरेतून वाकून खरंखुरं फावड्याने माती उचलली, आणि पाठ गेली! पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हशी भेट, तिथे तो वेदनाशामकं आणि इंजेक्शनांवर उभा होता. त्याच काळात मॅक्स जेकबसन नावाचा एक डॉक्टर त्याला अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक असलेली इंजेक्शनं देत होता हेही नंतर बाहेर आलं. पाठीचं दुखणं पाठीपुरतं राहत नाही म्हणतात ते असं, झोप, औषधं, मूड, निर्णय, सगळीकडे पसरतं.

त्या फावड्यात नेमकं काय झालं असेल? जर्मनीत १९९९ मधे एका ४५ वर्षांच्या निरोगी माणसाच्या डिस्कमधे सेन्सर बसवून वेगवेगळ्या स्थितीतला दाब मोजला होता. उभं असताना साधारण ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक). पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि अंगाजवळ धरलं तर १.१. फरक बघा. आणि याच अभ्यासात अजून एक निघालं जे आपल्या घरातल्या मोठ्यांना आवडणार नाही: आरामात टेकून, घसरून बसल्यावर दाब फक्त ०.२७, म्हणजे उभं राहण्यापेक्षाही कमी. आता हा एकाच माणसाचा अभ्यास आहे, त्यावर सगळं घर बांधू नये, पण सोफ्यावर घसरून बसलेल्या पोराला "पाठीचं वाटोळं करशील" असं म्हणण्याला निदान डिस्कच्या दाबाचा आधार नाही. तीन तास तसाच बसून राहिला तर मात्र बोला, आणि त्या बसण्याला बोला, घसरण्याला नाही.

१९६० च्या आसपास स्वीडनमधे नाखेमसन यांनी असेच प्रयोग केले होते आणि बसण्यात उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो असं त्यांना आढळलं, त्यावरून "बसणं वाईट" ही समजूत जगभर पक्की झाली. नंतरच्या मोजमापात ते तितकं सरळ निघालं नाही. वाकून वजन उचलण्याबद्दल मात्र स्वीडन आणि जर्मनी, दोन्हीकडच्या अभ्यासांचं एकच म्हणणं.

ज्याचे आकडे त्याच्यावरच

आता या केसमधला माझा आवडता भाग. डिसेंबर १९६० मधे, म्हणजे निवडून आल्यावर पण शपथ घ्यायच्या आधी, केनेडीने एका क्रीडा साप्ताहिकात लेख लिहिला होता, अमेरिकन माणूस मऊ पडत चाललाय म्हणून. त्यात त्याने हान्स क्राऊस आणि सोन्या वेबर या दोघांच्या टेस्टचे आकडे दिले होते. या दोघांचं काम न्यूयॉर्कच्या एका पोश्चर क्लिनिकमधे सुरू झालं होतं. सहा साध्या टेस्ट, पाठीवर झोपून उठणं, पाय उचलून धरणं, गुडघे न वाकवता पायाची बोटं धरणं, अशा. निदान एका टेस्टमधे नापास झालेली अमेरिकन मुलं ५७.९ टक्के, आणि ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडची ८.७ टक्के. हे ऐकूनच आयझेनहॉवरने १९५६ मधे मुलांच्या फिटनेससाठी कौन्सिल काढलं होतं.

आणि लेखानंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९६१ मधे, तोच हान्स क्राऊस व्हाइट हाउसमधे आला आणि त्याने अध्यक्षांनाच तपासलं. अध्यक्ष नापास! एक सिट-अप येईना. मांडीच्या मागचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, पोटात ताकद नाही. व्हाइट हाउसचे डॉक्टर बर्कली आणि हार्मोनचे डॉक्टर (एंडोक्रिनोलॉजिस्ट) कोहेन यांना काळजी होती की हे असंच चाललं तर माणूस व्हीलचेअरवर जाईल, त्यांनीच क्राऊसला बोलावलं होतं. क्राऊस मूळचा ट्रिएस्टचा, स्वतः डोंगर चढणारा, सरळ बोलणारा. ट्रॅव्हेल बाईंनी मधे पडायचं नाही, इंजेक्शनं बंद, ही त्याची अट. डॉक्टरांमधली भांडणं आपल्याकडेच असतात असं नाही.

मग आठवड्यातून तीन वेळा व्यायाम, व्हाइट हाउसच्या स्विमिंग पूलजवळच्या छोट्या जिममधे, गुपचूप, कारण तरुण अध्यक्षाला फिजिकल थेरपी लागते हे कळून चालणार नव्हतं. आधी शेक आणि स्नायू सैल करणं, मग हळूहळू ताणणं, मग ताकद. आज कुठलाही फिजिओ जे सांगेल तेच, नवीन काही नाही. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९६१ मधे, नेहरू अमेरिकेला गेले होते, वय ७१, रोज शीर्षासन करणारे. समोर ४४ वर्षांचा यजमान, ज्याने नुकतीच पाय ताणायला सुरुवात केलेली. ती भेट राजकारणाच्या दृष्टीने फारच फिकी झाली म्हणतात, पण पाठीच्या मॅचमधे नेहरू आरामात जिंकले असते.

पुढच्या काही महिन्यांत दुखणं बरंच कमी झालं, टोचणं सुटलं, १९६३ मधे तो परत गोल्फ खेळायला लागला. चार ऑपरेशनं आणि ढीगभर इंजेक्शनांनी जे झालं नाही ते साध्या, कंटाळवाण्या व्यायामाने बऱ्यापैकी झालं. आता याचं सगळं श्रेय व्यायामाला द्यायचं का? एकाच माणसाची गोष्ट आहे, आणि ट्रॅव्हेल बाईंचा बूट आणि खुर्ची चालूच होती, पोहणंही चालू होतं. माझं मत विचाराल तर बूट, खुर्ची आणि व्यायाम हे एकाच बाजूचे, कारण तिन्ही गोष्टी शरीराला काम करू देतात. इंजेक्शन आणि कॉर्सेट (कमरेला आवळून बांधायचा पट्टा, त्याबद्दल पुढे) दुसऱ्या बाजूचे.

क्राऊसने १९६१ मधेच राब या हृदयविकाराच्या डॉक्टरबरोबर मांडलं होतं की कमी हालचालीतून येणारे आजार हा एक वेगळा गटच धरायला हवा, पाठदुखी, हृदयविकार, डायबिटीस सगळं त्यात. त्याच्या आधी १९५३ मधे लंडनच्या डबलडेकर बसचा तो प्रसिद्ध अभ्यास झाला होता, दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. बस एकच, खड्डेही तेच. म्हणून पोश्चरचा एकूण तब्येतीशी संबंध शोधायचा तर पाठीच्या कोनापेक्षा माणूस एका जागी किती वेळ आहे ते आधी बघावं.

कॉर्सेट

केनेडी कितीतरी वर्षं कपड्यांच्या आत कॉर्सेट घालायचा, दोऱ्यांनी आवळून बांधलेला, मधे पट्ट्या. फोटोतला तो ताठपणा बराचसा याचाच. क्राऊस म्हणत होता की स्नायू आता तयार होतायत, हे हळूहळू सोडा. तोपर्यंत २२ नोव्हेंबर १९६३ आला. डॅलसला उघड्या गाडीतून जायचं होतं, तेव्हा कॉर्सेट होता आणि त्यावरून कमरेला आणि मांड्यांना आठच्या आकड्यासारखं गुंडाळलेलं इलॅस्टिक बँडेज. पहिली लागलेली गोळी पाठीच्या वरच्या भागातून शिरून गळ्यातून बाहेर गेली. त्यानंतर साधारण पाच सेकंदांनी डोक्यात लागली ती जीवघेणी. २०१७ मधे न्यूरोसर्जरीच्या एका जर्नलमधे केनेडीच्या पाठीवर सविस्तर पेपर आला, त्यात म्हटलंय की पहिल्या गोळीनंतर माणूस सहसा पुढे कोसळला असता, पण कॉर्सेटने त्याला सरळ धरून ठेवलं असण्याची शक्यता आहे. सिद्ध करता येणार नाही हे उघड आहे आणि मी यावर फार जोर देणार नाही, लोक या घटनेवर काय वाट्टेल ते रचतात. पण शक्यता म्हणून ती नाकारताही येत नाही.

आता आपल्याकडे या. कुठल्याही मेडिकलमधे कमरेचा पट्टा मिळतो, ऑनलाइन खांदे मागे ओढणारे पोश्चर करेक्टर मिळतात, रिक्षावाले, दुकानदार, नव्या बाळंतिणी, सगळे लावतात. पट्ट्याने स्नायू किती कमकुवत होतात यावर संशोधकांत एकमत नाही, "पट्टा लावला की स्नायू मेलेच" असंही नाही. पण डिसेंबर २०२३ मधे जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच गाइडलाइन काढली, त्यात पट्टे आणि बेल्ट नेहमीच्या उपचारात नकोत असं स्पष्ट म्हटलंय, ट्रॅक्शनही (वजन लावून पाठ ताणणं) नको, आणि ठरवून दिलेला व्यायाम, माहिती, हालचाल यावर भर दिलाय. २०२० मधे जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. एवढ्या सगळ्यांना पट्टे विकायचे म्हणजे धंदा जोरात आहे.

प्रवासाला, जड काम करायच्या दोन दिवसांत, किंवा एकदम उसण भरलीय तेव्हा पट्टा लावला तर बिघडत नाही. ऑपरेशननंतर सर्जनने सांगितलं असेल तर तो सांगेल तितके दिवस लावायचाच, स्वतःच्या मनाने काढायचा नाही. पण दोन वर्षं झाली, पट्ट्याशिवाय घराबाहेर पडत नाही, असं असेल तर एखाद्या फिजिओकडे जाऊन तपासून घ्या की पोट, पाठ आणि मांडीच्या मागचे स्नायू काय स्थितीत आहेत, बूटही काढून दाखवा. चालणं तर सगळ्यांनाच जमतं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या ट्रायलमधे (२०२४ मधे छापलं) कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, तर दुखणं परत यायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा (मीडियन) २०८ निघाला, तसा कार्यक्रम न दिलेल्यांमधे ११२.

हे सगळं साध्या कंबरदुखीसाठी. पायातला जोर कमी होतोय, पाऊल उचललं जात नाही, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय, लघवी किंवा संडासवर ताबा राहिला नाही, तापाबरोबर पाठ दुखतेय, कॅन्सर होऊन गेलाय, किंवा केनेडीसारखं वर्षानुवर्षं स्टिरॉइड चालू आहे आणि अचानक पाठीत कळ आलीय, यातलं काहीही असेल तर व्यायाम, पोश्चर, हा लेख, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.